प्राणेशची साठ जेवणं

डबा उघडला की हल्ली नीलिमाच्या मनात एकच गोष्ट यायची. गोजराबाई आज जेवल्या असतील का?

आजही तसंच झालं. इंदिरानगरच्या एका बागेतल्या बाकावर ती बसली होती. पोळीचा तुकडा मोडून भाजीला लावला आणि हात तिथेच थांबला. त्या घरातली तिसरी, म्हणजे शेवटची फेरी होऊन बारा दिवस झाले होते. आता पुन्हा तिथे जायला काही निमित्त उरलं नव्हतं. काळजी करायला नीलिमाला एरवी कारण लागत नसे. लेक एकतीस वर्षांची झाली तरी ती ऑफिसला पोचल्याचा मेसेज आल्याशिवाय हिचा चहा घशाखाली उतरत नसे. पण ही काळजी तशातली नव्हती. हिला कारण होतं, आणि ते कुणाला सांगणार नाही अशी तिने सही करून दिली होती.

नवऱ्याच्या बदलीबरोबर नागपूरहून बेंगळुरूला येऊन तिला चोवीस वर्षं झाली होती. संख्याशास्त्राची पदवी कपाटात, साड्यांच्या खाली पडून होती. लेक, सुखदा, नोकरीला लागली तेव्हा नीलिमाने घरखर्चाच्या एका सर्वेक्षणात कंत्राटी काम धरलं. यादीतून चिठ्ठी निघावी तशी घरं निघायची. त्या प्रत्येक घरात तीन महिन्यांत तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत खाणंपिणं, दुसरीत कपडालत्ता आणि औषधपाणी, तिसरीत घरातल्या टिकाऊ वस्तू. सगळं टॅबवर भरायचं. सुपरवायझर रविकुमारनी पहिल्याच दिवशी दोन नियम घोकून घेतले होते. लोक सांगतील तेच लिहायचं. आणि कुणाच्या घरातलं बाहेर न्यायचं नाही. घेतलेला फोन नंबरसुद्धा या कामाखेरीज वापरायचा नाही.

गोजराबाईंचं घर जयनगरच्या मागच्या अंगाला एका वठारात होतं. एकाला एक लागून आठ खोल्या, मध्ये अंगण, अंगणात नळ. पहिल्या दिवशी दारात उभं राहून नीलिमा आपल्या मोडक्यातोडक्या कन्नडात सर्वेक्षण म्हणजे काय ते समजावत होती. आतली म्हातारी डोळे बारीक करून ऐकत होती. मग मधेच म्हणाली, "नीलिमा म्हणून नाव म्हणजे तुम्ही मराठी की?"

"हो. तुम्ही पण?"

"अय्यो, मग इतका वेळ कशाला त्रास घेतला हो? तुम्हाला पण त्रास, त्या कन्नडाला पण त्रास. या, बसा. आमची मराठी तुमच्यासारखी टीव्हीतली नाही हं. स्वल्प भिजलेली आहे."

बसायला तिने शिवणयंत्रासमोरचं स्टूल पुढे केलं. खोलीत खरं तर यंत्रच राहत होतं आणि म्हातारी त्याच्या आश्रयाला होती. काळं, पायाचं यंत्र. सोनेरी वेलबुट्टी हाताने पुसून पुसून अर्धी गेलेली. गोजराबाई बळेपेटेतल्या शिंप्याच्या घरातली. चार पिढ्यांमागे कोण कुठून आलं ते तिला ठाऊक नव्हतं; सुई घेऊन आले एवढं ठाऊक होतं. शाळा चौथीपर्यंत, कन्नडातली. सोळाव्या वर्षी लग्न. नवरा हंबीरराव, शाळेचे युनिफॉर्म शिवायचा. मुलगा प्राणेश नऊ वर्षांचा असताना नवरा गेला आणि यंत्रावर ती बसली. मे महिन्यात रात्रंदिवस निळे स्कर्ट आणि खाकी चड्ड्या. तिच्या कामाची एक खूण होती: आत दुमडलेलं कापड ती चार बोटं ठेवायची. दुसरे शिंपी हसायचे. ती म्हणायची, "पोर वाढणार. कापड काय आपोआप वाढतं?" तीन-तीन वर्षं आया एकच स्कर्ट उसवून लांब करायच्या आणि तिला दुवा द्यायच्या. पुढे शाळांनी तयार युनिफॉर्म आणले. मग राहिलं ते ब्लाउज सैल करणं, घट्ट करणं, पडद्याच्या कडा मारणं.

"घरात माणसं किती?" नीलिमाने विचारलं.

"दोघं. मी आणि प्राणेश."

"सध्या इथेच राहतात का?"

"इथेच म्हणजे? मग कुठे राहील? होसकोटेत फॅक्टरीत आहे. शिफ्ट असते. तुम्ही येता तेव्हा तो कसा दिसेल?"

एका चुलीवरचं जेवतात ते एक घर, अशी या कामाची व्याख्या. त्यामुळे पुढचा प्रश्न होता, गेल्या तीस दिवसांत प्रत्येक माणूस घरात किती वेळा जेवला.

"प्राणेशची साठ लिहा," गोजराबाई ठासून म्हणाली. "सकाळी डबा माझ्या हातचा, रात्री ताट माझ्या हातचं. तीस दुणे साठ."

"एकदाही बाहेर नाही? लग्नाला, मित्राबरोबर?"

"नाही हो. नीट लिहा, नीलिमक्का. दोघांची चूल एक, असं स्पष्ट लिहा. सरकारी कागद ना हा?"

मग दूध अर्धा लिटर, तूप, केळी, आठवड्याला सफरचंदं. नीलिमाने सांगितलं तसं लिहिलं. फोन नंबर विचारला तर म्हातारीने मुलाचाच दिला. "पण फोन करू नका हं. कामावर असतो." आणि उठून कॉफी करून आणली, दाट, पेल्याच्या काठापर्यंत. तिथून निघताना नीलिमाला वाटलं, एवढी टापटीप, एवढं खाणंपिणं, पोरगा घरात. चला, एक घर तरी सुखाचं निघालं.

दुसऱ्या फेरीला कॉफी पातळ होती. नीलिमाच्या ते ध्यानात आलं, पण अर्थ आला नाही.

तिसऱ्या फेरीला कॉफी नव्हती. पेल्यात पाणी आणि बशीत गुळाचा खडा. "आज दुधाचा बूथ बंद," गोजराबाई म्हणाली. नीलिमा त्याच बूथवरून आली होती. तिथे रांग होती. तिने गुळाचा खडा तोंडात टाकला आणि बसायला स्टूल शोधलं. स्टूल होतं. त्याच्यासमोर यंत्र नव्हतं. फरशीवर चार काळपट ठिपके होते, पन्नास वर्षं यंत्राचे पाय टेकले होते तिथे.

टॅबवरच्या यादीत शिवणयंत्राचा प्रश्न आला.

"आहे ना. दुरुस्तीला दिलंय," गोजराबाई म्हणाली आणि पदर सावरायला हात वर केला. तेवढ्यात नीलिमाला तिच्या ब्लाउजची काखेजवळची शिवण दिसली. एक जुनी, यंत्राची. तिच्या आत दुसरी, तीही यंत्राची. आणि तिच्याही आत, दोन बोटं सोडून, तिसरी. ती हातशिलाईची होती, पांढऱ्या दोऱ्याची. या बाईने स्वतःचा ब्लाउज दोनदा आत घेतला होता आणि दुसऱ्यांदा घेताना घरात यंत्र नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना वाढायला जागा ठेवणाऱ्या हातांनी आपल्या अंगावरची जागा मात्र टाका टाका करून मिटवली होती.

"गोजराबाई, तुम्ही जेवता ना नीट?"

"हा तुमच्या यादीतला प्रश्न आहे का?"

"नाही."

"मग यादीतला विचारा." म्हातारी हसली. कोपऱ्यात फळीवर एक ताट दुसऱ्या ताटाने झाकून ठेवलेलं होतं. नीलिमाची नजर तिकडे गेलेली बघून ती म्हणाली, "प्राणेशचं. काल उशीर झाला त्याला."

अंगणात नळापाशी एका बाईने नीलिमाला गाठलं. शेजारची भागीरथीबाई, कळशी कमरेवर, आवाज दबका. "तुम्ही रेशनवाल्या ना? तिच्या कार्डाचं काही होईल का हो?"

"मी रेशनची नाही. कसलं कार्ड?"

भागीरथीबाईने एकदा मागे वळून पाहिलं आणि मग सगळं सांगून टाकलं. होसकोटेची नोकरी लागली आणि प्राणेशचा पगार कागदावर आला, तसं घराचं जुनं रेशनकार्ड गेलं. फॉर्म भरून देणाऱ्या कुणा एजंटाने प्राणेशला युक्ती सांगितली: मुलगा वेगळा राहतो, चूल वेगळी आहे, असं लिहून द्या, म्हणजे अम्मांचं एकटीचं कार्ड होईल, तांदूळ सुरू होईल. त्याने आईला न विचारता अर्ज भरला. वाईट काही नव्हतं त्याच्या मनात. पण अर्ज कन्नडात होता आणि आईला कन्नड वाचता येत होतं.

"वाचला आणि अशी बसली बघा," भागीरथीबाईने कळशी खाली ठेवली. "तो हसत म्हणतो, 'अम्मा, नुसता कागद आहे.' ही म्हणते, 'माझी चूल वेगळी लिहिलीस ना? मग जा, तिथेच जेव.' त्या रात्री याचं ताट वाढलं नाही तिने. अर्ज फाडला. हा पण हंबीररावाचाच पोरगा. उचलली बॅग. दोनदा आला नंतर, हिने दार उघडलं नाही. माझ्या फोनवर पैसे पाठवले, हिने परत करायला लावले. चौदा महिने झाले. आता तो पण येत नाही."

"पण मग ते ताट..."

"त्या एका रात्री वाढलं नाही म्हणून आता रोज वाढते! वाढते, झाकते, दार नुसतं लोटून बसते. सकाळी तेच गार जेवण आपण खाते. दिवसाला तेवढंच. वर सांगते, पोरगा उपाशी झोपला नाही."

"तुम्ही त्याला कळवलं नाही?"

"शपथ घातलीय तिने. आणि मी बोलले तर उद्यापासून माझ्याशी बोलणं बंद. मग तिच्या दारात कोण जाईल हो? मीच एक राहिलेय."

दुसऱ्या दिवशी नीलिमा रविकुमारकडे गेली. जेवढं सांगायला परवानगी होती तेवढंच सांगितलं: शेजारीण म्हणते, त्या घरातला दुसरा सदस्य सहा महिन्यांहून जास्त काळ घरात नाही; ताट झाकलेलं असतं, यंत्र गेलंय; माझ्याकडून चूक झाली. रविकुमार भला माणूस. म्हणाला, "मॅडम, शेजारणीवर जाऊ नका. ते ताट, ते यंत्र, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?" पाहिलं होतं. सहा महिने घरात नसलेला माणूस त्या घरात धरता येत नाही, मग घरचे काहीही सांगोत, असं म्हणून त्याने फॉर्म उघडून दिला. नीलिमाने प्राणेशच्या नावावर बोट ठेवलं. नाव खोडण्याचं कारण निवडा, असं टॅब म्हणाला. तिने निवडलं. सदस्य, एक. साठ जेवणं नाहीशी झाली.

नियमाप्रमाणे ते बरोबर होतं. आणि चौदा महिन्यांपूर्वी त्या पोराने जे केलं, तेच तिने केलं होतं. म्हातारीने ज्या एका कागदावर आपलं घर पुन्हा एकत्र लिहून घेतलं होतं, त्यावरूनही पोरगा गेला. तिला ते कधी कळणारसुद्धा नव्हतं.

"आई! पुन्हा तंद्री?" सुखदा समोर उभी होती. तिचं ऑफिस इथून दोन गल्ल्या पलीकडे. आई या भागात कामाला असली की ती डबा घेऊन बागेत यायची. "आज काय, कुणाच्या घरातलं दूध मोजलं?"

"कुणाच्याच नाही. सकाळपासून तीन बंगले. एक बाई म्हणाली, दूध किती येतं ते कुकला विचारा. कुक म्हणाली, मॅडमना विचारा."

सुखदा हसली आणि बाकावर मांडी ठोकून बसली. तिचं काम नीलिमाच्या कामाचं दुसरं टोक होतं. देशोदेशींच्या अशाच घरोघरच्या सर्वेक्षणांचे आकडे तिच्यासमोर यायचे. कोणत्या देशात समृद्धी सगळ्यांच्या वाट्याला येतेय, ते तिच्या ऑफिसातली मंडळी ताडून पाहायची.

"तुझं ते चाळीस टक्क्यांचं पुन्हा एकदा सांग," नीलिमा म्हणाली.

"कितव्यांदा? बघ, देशातल्या सगळ्यांना रांगेत उभं कर. सगळ्यात गरीब पहिला. शंभरातले पहिले चाळीस घे. पाच वर्षांपूर्वीचे हे चाळीस कसे जगत होते, आजचे चाळीस कसे जगतायत? सुधारलं की नाही, किती वेगाने? बस. देशाची सरासरी वाढली याचं आम्हाला कौतुक नाही. पेरूचं असं बघायचं, व्हिएतनामचं, घानाचं, आपलं. त्यात कुणी उत्पन्न विचारतं, कुणी खर्च, ती एक वेगळी डोकेदुखी."

"आणि घर म्हणजे काय, ते सगळीकडे सारखंच?"

"साधारण. एका भांड्यातलं जेवणारे."

नीलिमाने पोळी पुन्हा डब्यात ठेवली. "समज, एका घराने खोटंच सांगितलं. आहे त्यापेक्षा बरं सांगितलं. लाजेपायी."

"मग ते घर रांगेत पुढे जाऊन उभं राहतं. एकटं नाही जात. तुझं एक घर आमच्याकडे त्याच्यासारख्या हजार-बाराशे घरांच्या वतीने बोलतं ना? तितकं वजन असतं त्याला. तेवढे सगळे पुढे सरकतात."

बाराशे. नीलिमाच्या डोळ्यांपुढे बाराशे खोल्या आल्या. प्रत्येकीत एक झाकलेलं ताट, लोटलेलं दार.

"काय झालंय, आई? दहा दिवस तू धड जेवत नाहीयेस."

"एक बाई आहे." नीलिमाने नाव सांगितलं नाही, गल्ली सांगितली नाही. "खात नाही. मुलगा रागावून गेलाय. त्याला फोन केला तर येईल असं वाटतं."

"नंबर सर्व्हेतला?"

"हो."

"मग नाही. आई, ऐक ना. मी तुझ्या कॉन्ट्रॅक्टबद्दल बोलत नाहीये, जरी ते जाईलच. लोक तुला दार का उघडतात? तू बाहेर बोलणार नाहीस म्हणून. उद्या कळलं की सर्व्हेवाल्या बायका मुलांना फोन करून सांगतात, तर कोण खरं सांगेल?"

"तिने खरं सांगितलंच कुठे होतं, सुखदा?"

सुखदाने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. "शेजारी असेल ना कुणी? त्यांना सांग."

"तिला शपथ घातलीय."

"आणि तू सही केलीयेस. म्हणजे सगळेच बांधलेले." तिचा फोन वाजला. मीटिंग होती. उठता उठता तिने आईच्या डब्यातली पोळी भाजी लावून गुंडाळली आणि आईच्या हातात दिली. "हे संपव आधी. मी जाते. आणि तू काय करणार आहेस ते मला सांगू नकोस. प्लीज."

लेक फाटकातून बाहेर पडेपर्यंत नीलिमा बघत राहिली. ती म्हणाली त्यातलं एक अक्षरही चूक नव्हतं. असं सगळ्यांनी केलं तर कुठल्याच देशाला आपला मागचा माणूस कुठे उभा आहे ते कळणार नाही. पण बारा दिवस तिने मनाशी सगळा हिशोब मांडून पाहिला होता आणि तो दर वेळी त्या पांढऱ्या दोऱ्यापाशी येऊन थांबत होता. ब्लाउज आत घ्यायला अजून किती कापड उरलं असेल? फॉर्ममधलं दुरुस्त करून झालं होतं. बाई तशीच होती.

पोळी तिने संपवली. मग पिशवीतून डायरी काढली. प्राणेशचा नंबर शेवटच्या पानावर होता, त्याच्या आईने एकेक आकडा दोनदा म्हणून लिहून घ्यायला लावलेला. फोन करू नका हं, असंही तिनेच सांगितलं होतं. पण मग इतका जपून, दोनदा का सांगितला असेल?

त्याला काय सांगायचं ते तिने ठरवलं. दूध सांगायचं नाही, सफरचंदं नाही, यंत्र नाही. फॉर्मात जे जे आहे त्यातलं काही नाही. तो कोण बोलतंय म्हणून विचारेल, तेव्हा नावही खरं सांगायचं. नोकरी जायची तर जाऊ दे. एकच गोष्ट सांगायची, जिला फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. तुमच्या आई रोज रात्री तुमचं ताट वाढतात. दार लोटलेलं असतं, कडी नसते.

होसकोटेत जेवणाची सुट्टी दीडला होते, हे तिला गोजराबाईकडूनच कळलं होतं. दीड वाजायला चार मिनिटं होती. ती चार मिनिटं नीलिमा डायरी मांडीवर उघडी ठेवून बसून राहिली, आणि मग तिने नंबर लावला.